शेजारचं दार चालणार नाही

४ फेब्रुवारी

रसायनं पुरवणारी कंपनी दरवर्षी एक डायरी देते आणि दरवर्षी ती आमच्या हिच्या वाणसामानाच्या याद्यांत संपते. यंदा मी ती आधीच उचलून प्रयोगशाळेतल्या माझ्या खणात ठेवली. रक्ताच्या नळ्या यंत्रात लावल्या की ते दहा मिनिटं घरघरत फिरतं आणि तेवढा वेळ मला काम नसतं. बत्तीस वर्षं मी ती दहा मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत काढली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली, भिंत पाठ झाली, म्हणून लिहायला घेतो.

आज नव्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं. साथीच्या रोगांचा माग काढणाऱ्या डॉक्टर आहेत म्हणे. दिसायला एवढ्याशा, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. येताना चिठ्ठ्यांनी भरलेली एक बरणी घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या इस्पितळात त्यांचं नाव चिठ्ठीबाई पडलं. नाव मीच ठेवलं, पण ते इथेच राहू दे.

मोठे साहेब सुरुवातीलाच म्हणाले, "बाई, चार वर्षांत रुबेलाचा एक पेशंट आला नाही इथे. नसलेला रोग शोधायचा कशाला?"

"रोग नाही शोधायचा, साहेब. तो आला तर कोण कोण उघडं सापडेल, ते शोधायचंय."

मग त्यांनी समजावलं. रुबेला म्हणजे तीन दिवसांचा ताप आणि अंगावर बारीक पुरळ. लहान मूल चौथ्या दिवशी खेळायला जातं. पण गरोदर बाईला पहिल्या तीन-चार महिन्यांत झाला तर पोटातल्या बाळाचे कान, डोळे, हृदय, काहीही बिघडू शकतं. ज्याला रोग होऊन गेला किंवा लस मिळाली, त्याच्या रक्तात अँटिबॉडी राहतात, वर्षानुवर्षं. माणूस विसरतो, रक्त विसरत नाही. म्हणून पंधरा ते चाळीस वयाच्या बायकांचं रक्त तपासायचं. शहराचे तीन भाग, प्रत्येक भागाला एक रक्त घेणारा, प्रत्येकी एकशे ऐंशी बायका. एक भाग माझा.

यंत्र थांबलं.

६ फेब्रुवारी

पहिला दिवस. बाईंचे नियम ऐकून आमचा ड्रायव्हर भोंगा (हळू बोलणं त्याला येत नाही म्हणून भोंगा) गाडीतच म्हणाला, "अहो, हे सर्वेक्षण आहे की सोडत?"

घरं बरणीतल्या चिठ्ठीने ठरतात. घरात पंधरा ते चाळीसमधल्या जितक्या बायका असतील त्यांतली कोण, तेही चिठ्ठीच ठरवते. दार बंद असलं तर परत जायचं, तरी बंद तर तिसऱ्यांदा, त्यातली एक फेरी संध्याकाळी नाही तर रविवारी. तीनदा बंद मिळालं तर कागदावर 'बंद' असं लिहायचं आणि गप्प बसायचं.

"शेजारचं दार चालणार नाही," बाई म्हणाल्या. "शेजारीण कितीही हसून बोलावू दे."

प्रकृतीचे तीन प्रश्न बायका स्वतः भरतात आणि कागदाची घडी करून पेटीत टाकतात. ते आम्ही बघायचं नाही.

आज तेरा बायका, तेरा टोचण्या. दुसऱ्यांदा टोचायची वेळ एकदाही आली नाही. आत्मस्तुती वाईट, पण माझ्याइतका हात इथे कुणाचा बसलेला नाही हे सगळे जाणतात.

९ फेब्रुवारी

सकाळी चौदा दारं वाजवली, पाच उघडली. या शहरातल्या तरुण पोरी दिवसा असतात कुठे? शिलाई कारखान्यात, दुकानांत, कॉलेजात. घरी असतात त्या चाळिशीकडे झुकलेल्या. आमची सूनबाईसुद्धा सकाळी साडेसातला कारखान्यात जाते, शर्टांच्या कॉलरी शिवते, ती साडेसहाला परत.

एका बंद दारासमोर आम्ही उभे होतो, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हो, कशाचं रक्त? माझं घ्या की." चांगल्या बाई. वय सदतीस. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी घेतलं. चिठ्ठीतल्या घराचाच क्रमांक नळीवर चिकटवला.

भोंगा म्हणाला, "बाई काय म्हणाल्या होत्या?"

"रक्त इथून तिथून लालच," मी म्हणालो.

प्रयोगशाळेतला माणूस वेळेला खोटं करेल, पण नोंद केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं: कोणत्या क्रमांकाऐवजी कुठली बाई.

१३ फेब्रुवारी

शेवटच्या पानावर आता बत्तीस ओळी. दुसऱ्या भागातला रक्त घेणारा रोज आठ-आठ नळ्या घेऊन येतो आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडतो. मी बारा-तेरा आणून चारला मोकळा. बाई नळ्या मोजतात, प्रत्येक उजेडात धरून बघतात आणि म्हणतात, "छान. एकही नळी नासलेली नाही." मला उगाच खोकला येतो.

घरी वेगळंच. मी आलो की सूनबाई नाकाला पदर लावते. स्पिरिटचा वास सहन होत नाही म्हणे. तीन वर्षं झाली लग्नाला, आजवर झाला बरा सहन! काल जेवता जेवता उठून गेली. मी हिला म्हटलं, कारखान्यात काहीतरी अरबट-चरबट खात असेल. ही म्हणाली, "असेल." आणि हसली. पोटाच्या तक्रारीत हसण्यासारखं काय असतं, ते तीच जाणे.

१७ फेब्रुवारी

आज बरणीतून माझंच घर निघालं.

घरात पंधरा ते चाळीसमधली एकच बाई, सूनबाई. ही बावन्न वर्षांची आणि माझी थोरली बहीण अक्का साठीची. म्हणजे सूनबाईचंच रक्त घ्यायचं. तिला सुईची अशी भीती की कारखान्यात बोटात सुई गेली तेव्हा ती रडली नाही, पण इंजेक्शनचं नाव काढताच पळाली. रक्त काढणाऱ्याच्या घरात अशी सून! आणि खरं सांगायचं तर मलाही अवघड वाटलं. सूनबाईचा दंड बांधायचा, शीर चाचपायची. जगाला टोचतो ते वेगळं.

आमच्या वरच्या मजल्यावर शाळेतल्या बाई राहतात, वय अडतीस, आज रजेवर होत्या. त्यांचं घेतलं. शेवटच्या पानावर ओळ चोपन्नावी.

२१ फेब्रुवारी

तिघांत मी पहिला. एकशे ऐंशी नळ्या पूर्ण, 'बंद' एकही नाही. भोंग्याने सगळ्या इस्पितळाला ओरडून सांगितलं. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. शेवटच्या पानावर एकाहत्तर ओळी झाल्या आहेत. तिथे पुढे काही लिहायचं नाही, म्हणून पान दुमडून टाकलं.

अक्का सध्या काहीतरी चिमुकलं शिवते आहे. अक्का जन्मापासून बहिरी. मी हातवारे करून विचारलं, हे काय? तिने खुणेने सांगितलं, रुमाल. रुमालाला बाह्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण तिला तसं खुणेने सांगायची माझी हिंमत नाही.

२ मार्च

निकाल आले. माझ्या भागात शंभरातल्या पंचाण्णव बायकांच्या रक्तात अँटिबॉडी. साहेब खूश. म्हणाले, "बघा बाई, शहर सुरक्षित आहे. दहा तारखेला अहवाल पाठवतो. मोठ्या पोरींना लस वगैरे काही नको." बाकीच्या दोन भागांचे आकडे बरेच कमी आले, पण ते दोघे किती 'बंद' घेऊन आलेत, त्यांचं काम कच्चं, असं साहेबांचं मत.

बाई दुपारी माझ्याकडे आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि माझे सगळे कागद पुढ्यात पसरले.

"तुमच्या भागात कुणाचंच दार बंद नसतं का हो?"

"माझं नशीब," मी म्हणालो.

"असेल." त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. "निम्म्या शहरातल्या पोरी कारखान्यात जातात. तुमच्या एकशे ऐंशीत तीन. एवढं सुरेख काम मी आजवर कुणाचं पाहिलं नाही."

रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या नुसते कागद गोळा करू लागल्या. मी सांगितलं की मला काही माहीत नाही. यंत्र केव्हाच थांबलं होतं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

३ मार्च

आज त्यांनी आम्हां सगळ्यांनाच पुन्हा समजावलं, पण मला ठाऊक आहे कुणासाठी. लस सुरू झाली बारा वर्षांपूर्वी, फक्त तान्ह्या मुलांना. तेव्हा ज्या पोरी त्याहून मोठ्या होत्या त्यांना ती मिळाली नाही. आणि लहानांना लस मिळाल्यामुळे रोग कमी झाला, म्हणून या पोरींना तो होऊनही गेला नाही. ना लस, ना रोग. त्यांची पाटी कोरी. आज त्या अठरा ते सव्वीस वर्षांच्या आहेत, म्हणजे नेमक्या आई होण्याच्या वयात. त्यांच्या आधीच्या बायकांना लहानपणीच पुरळ येऊन गेलं, त्या सुरक्षित.

"शितावरून भाताची परीक्षा होते," बाई म्हणाल्या, "पण भात ढवळून शीत काढलं तर. हाताला आलं ते वरचं शीत काढायचं आणि भात शिजला म्हणायचं, मग खालचा कच्चा भात कोण खाणार?"

दुसऱ्या भागातले गृहस्थ सगळं वहीत उतरवत होते. त्यांचे बूट फाटले आहेत. मी माझ्या बुटांकडे बघितलं, ते नव्यासारखे आहेत.

४ मार्च

घरी कपाट आवरताना आईचा जुना फोटो निघाला. ही सहज म्हणाली, "अक्का पोटात असताना सासूबाई जिन्यावरून पडल्या ना?"

आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. आई पडली म्हणून अक्का बहिरी. आई मरेपर्यंत त्या जिन्याला बोल लावत होती, आणि स्वतःलाही. मी म्हटलं, "हो. तापाची गुंगी होती, पाय घसरला." आणि मग आईचं पुढचं वाक्य आठवलं, जे मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं होतं: "तीन दिवसांचा तर ताप, अंगावर बारीक पुरळ, चौथ्या दिवशी बरी, पण जिन्याने डाव साधला."

बत्तीस वर्षं रक्ताच्या खोलीत काढली, बाईंचं भाषण दोनदा ऐकलं, आणि घरातली गोष्ट मला आज कळली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आईने जन्मभर जिन्याला शिव्या दिल्या. जिन्याचा काही दोष नव्हता, आई. तुझाही नव्हता.

अक्का समोर बसून त्या बाह्यांच्या रुमालाला बटण लावत होती. मी तिच्याकडे बघतोय हे पाहून तिने भुवया उडवल्या, काय? मी मान हलवली, काही नाही.

५ मार्च

सकाळी आठला बाईंच्या खोलीत गेलो आणि डायरी टेबलावर ठेवली. दुमडलेलं पान उघडून दिलं. म्हटलं, "एकाहत्तर. सगळी लिहिलेली आहेत. माझी नोकरी घ्या, पण तो अहवाल जाऊ देऊ नका."

त्यांनी पान वाचलं. मग म्हणाल्या, "डायरी दुपारपर्यंत ठेवू?"

दुपारी परत दिली. "पान उतरवून घेतलं. बाकीचंही वाचलं, माफ करा, पान उलटलं गेलं. चिठ्ठीबाई चांगलं आहे. याआधी होते तिथे याहून वाईट नाव होतं."

माझे कान तापले. मी विचारलं, शिक्षा काय?

"शिक्षा साहेब ठरवतील, मी त्यांना सगळं सांगणार आहे. काम मी ठरवते. एकाहत्तर दारं पुन्हा, संध्याकाळी आणि रविवारी, आणि मी तुमच्यासोबत येणार. खोटी नोंद करणारे मी पुष्कळ पाहिले. खोट्याची खरी नोंद ठेवणारा पहिलाच." मग म्हणाल्या, "सुरुवात तुमच्या घरापासून. उद्याच."

माझ्याच घरापासून का, ते मला समजलं नाही. नाक दाबायचं असेल तर आधी घरात दाबायचं, असा त्यांचा विचार असावा. मी निमूटपणे हो म्हटलं.

६ मार्च

डायरी घरी आणली आहे. बाई साडेसहाला आल्या. सूनबाई नुकतीच कारखान्यातून आली होती, केसांत दोऱ्याचे तुकडे तसेच. बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं. प्रश्नांचा कागद बायका स्वतः भरतात, तेव्हा आम्ही थांबायचं नाही, नियमच आहे. पण आतून हिची आणि बाईंची बराच वेळ कुजबुज चालली होती. तीन प्रश्नांना इतका वेळ?

बाईंनी दुसऱ्या कुणाला तरी रक्त घ्यायला बोलवायचं ठरवलं होतं, पण सूनबाईच म्हणाली, "नको. बाबाच घेऊ देत. दुसऱ्या कुणाचा हात मला माहीत नाही."

अक्काने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि डोळ्यांवर हात ठेवला. मी पट्टा बांधला. एका टोचणीत झालं. "झालं?" तिने विचारलं. "केव्हाच," मी म्हणालो. ती रडत रडत हसली, आणि मला तिचा फार अभिमान वाटला, जो मी तिला सांगितला नाही.

११ मार्च

ज्यांच्या रक्तात अँटिबॉडी नाहीत, त्यांना बाई बंद पाकिटात पत्र देतात, लस घ्यायला या म्हणून. आज दुपारी सूनबाई कारखान्यातून थेट प्रयोगशाळेत आली. पाकीट फोडलेलं होतं.

"बाबा, माझी पाटी कोरी आहे म्हणे."

"मग त्यात काय," मी म्हणालो. "उद्या लस टोचून घे. एक टोचणी."

"नाही घेता येत."

"घाबरायचं काय त्यात एवढं?"

ती म्हणाली, "बाबा, तिसरा महिना आहे मला. या लशीतला विषाणू अशक्त केलेला असला तरी जिवंत असतो, पोटात बाळ असताना देत नाहीत. बाईंनी सांगितलं. हे महिनाअखेरीला सुट्टीवर आले की तुम्हाला सांगणार होते, म्हणून आई गप्प होत्या."

चिरंजीव दूर पुलाच्या कामावर असतात. हिला ठाऊक, अक्काला ठाऊक, पोटातल्याला ठाऊक. रक्तावरून सगळ्या जगाचं ओळखणाऱ्या मला तेवढं ठाऊक नव्हतं. स्पिरिटचा वास. अर्धवट टाकलेलं जेवण. बाह्यांचा रुमाल! आणि बाईंनी ही डायरी वाचली, तेव्हाच त्यांना कळलं. म्हणून आधी माझं घर.

मी तिला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. आनंद झाला आणि त्याच क्षणी ते दुमडलेलं पान आठवलं. माझ्या चोपन्नाव्या ओळीत शाळेतल्या बाईंचं अँटिबॉडीने भरलेलं रक्त होतं आणि त्यावर या पोरीचा क्रमांक. तो क्रमांक घेऊन साहेब 'शहर सुरक्षित' लिहिणार होते.

१४ मार्च

रोज संध्याकाळी बाई आणि मी. काल एका चौथ्या मजल्यावरच्या दारासमोर बाई जिन्यात पायरीवर बसल्या. दोनदा बंद मिळालेलं दार. तास झाला. मी म्हटलं, "बाई, एक नळी कमी झाली तर काय होतंय?"

"ही मुलगी दिवसभर काम करते म्हणून आपल्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणून आपण तिला मोजलं नाही, तर ती दोनदा हरवली."

सव्वाआठला ती आली. पिशवीत किराणा, पायात दमलेल्या चपला. आम्हाला पायरीवर पाहून दचकली. बाईंनी उभ्या राहून तिची माफी मागितली, वाट अडवल्याबद्दल. ती दाराचं कुलूप काढत म्हणाली, "माझ्यासाठी बसलात? इतका वेळ?" आणि आम्हाला चहा केला. मोठमोठे डॉक्टर मी खूप पाहिले. पायरीवर तास काढणारं माणूस हे पहिलंच, आणि परतताना त्याबद्दल एक शब्दही न काढणारं.

२५ मार्च

एकाहत्तरपैकी चौसष्ट मिळाल्या. सात 'बंद', आणि मी 'बंद' असंच लिहिलं. माझ्या भागात अठरा ते सव्वीसच्या शंभरातल्या एकतीस पोरी कोऱ्या. बाकीच्या दोघांचे आकडेही जवळपास तेच. कच्चं काम त्यांचं नव्हतं.

साहेब माझ्यावर कडाडले, ते योग्यच होतं. एक वेतनवाढ जाणार. मग बाईंकडे वळले, "पण पेशंट तर एकही नाही!"

बाई म्हणाल्या, "साहेब, पेशंट आल्यावर लस दिली तर ज्यांच्या पोटात बाळ आहे त्यांना उशीर झालेला असेल. त्यांना लस देता येत नाही. त्यांच्याभोवतीच्या सगळ्यांना देता येते. तेवढंच आपल्या हातात आहे."

साहेबांनी कागद पुन्हा चाळले. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना आकडे आवडतात आणि यावेळी आकडे खरे होते. त्यांनी सही केली.

९ एप्रिल

कारखान्यात बटणं लावण्याच्या विभागात एका मुलीला ताप आणि पुरळ. रक्त माझ्याकडेच आलं. रुबेला.

सूनबाई वरच्या मजल्यावर बसते. बाई स्वतः कारखान्याच्या मॅनेजरकडे गेल्या आणि तिला आजपासून घरी बसवलं. मी घरात येताना अंघोळ करून मगच तिच्या समोर जातो, उपयोग असो नसो.

१२ एप्रिल

लशी आधीच येऊन पडल्या होत्या म्हणून तीन दिवसांत टेबलं लागली. पंधरा दिवसांपूर्वीची ती सही नसती तर आज आम्ही पत्रंच लिहीत बसलो असतो. पोटात बाळ आहे का, हे बाईंनी आडोशाला एकेकीला विचारलं. बाकीच्यांची रांग कारखान्याच्या फाटकापर्यंत. मी टोचायला बसलो. सगळ्यात पुढे कॉलर विभागातल्या पंधरा जणी.

पहिली मला म्हणाली, "काका, तुम्ही आमच्या कॉलरवालीचे सासरे ना? तिला सांगा, तिच्या वाटची आम्ही घेतली."

मी मान खाली घालून पुढची सुई उघडली. दिवसभरात मी दोनशे अकरा जणींना टोचलं. डोळे पुसायला भोंग्याने मला तीनदा उठवलं आणि प्रत्येक वेळी मोठ्याने ओरडला, "काकांच्या डोळ्यांत स्पिरिट गेलं!"

८ मे

सूनबाईचं रक्त तिसऱ्यांदा तपासलं. रोग शिवला असता तर रक्ताने नोंद केली असती. पाटी अजून कोरी आहे. बत्तीस वर्षांत 'काही आढळले नाही' हे शब्द मी हजारो वेळा लिहिले असतील. आज लिहिताना पेन घट्ट धरावं लागलं.

बाई पुढच्या शहरात चालल्या. बरणी काखेत. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. त्या म्हणाल्या, "शेवटचं पान कोरं ठेवा."

३ ऑक्टोबर

नात! तीन किलोला थोडी कमी. यंत्र फिरतंय, मला लिहवत नाही.

१४ नोव्हेंबर

सूनबाईने गेल्या आठवड्यात आपली लस घेतली. माझ्याच हाताने. ओरडली, पण पळाली नाही.

आज दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत होतो. नात पाळण्यात टक्क जागी, अक्काने शिवलेल्या झबल्यात, बाह्या अजून लांब होतात. अक्का स्वयंपाकघरातून एक स्टीलचं ताट आणि पळी घेऊन आली. पाळण्याच्या मागे उभी राहिली, जिथून बाळाला ती दिसणार नाही. आणि तिने ताटावर जोरात पळी मारली.

नात दचकली. हात फेकले, डोळे मिटले, आणि मग भोकाड पसरलं. सूनबाई धावली. ही ओरडली, "अहो अक्का, काय हे!" ओरडून काय उपयोग, ते तिलाही ठाऊक आहे.

अक्काला ना ताटाचा आवाज गेला, ना रडण्याचा. तिने फक्त ते दचकणं पाहिलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, बाळाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला, आणि इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग पळी माझ्या हातात दिली आणि खूण केली, आता तू मार, मला समोरून बघू दे.